दुधाविना कॅल्शियम

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक ते सव्वा किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत, आणि उरलेले जेमतेम एक टक्का रक्तात, स्नायूंत व पेशींत. तातडीची कामे असतात ती या एका टक्क्याकडे. हृदयाचे आकुंचन, रक्त साकळणे, मज्जातंतूंमधून संदेश जाणे हे सारे त्याच्यावर चालते, म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण शरीर फारसे हलू देत नाही. जेवणातून पुरेसे आले नाही, की गळ्यातल्या परावटू ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते. त्यामुळे वर्षानुवर्षे कॅल्शियम कमी खाणाऱ्याच्या रक्ततपासणीतही आकडा नॉर्मल येतो. त्या आकड्यावरून आहार पुरेसा असल्याचे अनुमान काढता येत नाही. झीज कळते ती हाडांची घनता मोजल्यावर, किंवा साध्या पडण्याने मनगट मोडल्यावर.

दूध न घेण्याची कारणे वेगवेगळी असतात. काहींना दुधातली लॅक्टोज साखर पचत नाही. पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. अशा बऱ्याच लोकांना दही किंवा ताक चालते, कारण विरजणातले जीवाणू ती साखर काही प्रमाणात आधीच फोडतात. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दही, ताक, पनीर, खवा यांतले काहीच चालत नाही. काही जण प्राण्यांपासून मिळणारे सगळेच पदार्थ तत्त्व म्हणून सोडतात. याखेरीज एक मोठा वर्ग असा, की ज्याने दूध सोडलेले नाही पण त्याच्या वाट्याला ते चहापुरतेच येते. दिवसभराच्या चहात मिळून १०० मिलिलिटर दूध गेले, तर त्यातून सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. पुढे दिलेला हिशेब या वर्गालाही तितकाच लागू आहे.

गरज किती

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी पोषकांच्या नव्या शिफारशी दिल्या. त्यांत प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी कॅल्शियमचे रोजचे प्रमाण १००० मिलिग्रॅम आहे. २०१० च्या शिफारशीत ते ६०० होते, म्हणून जुनी पुस्तके आणि दवाखान्यातले जुने तक्ते वाचताना गोंधळ होतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला ५००, सात ते नऊ वर्षांच्या मुलाला ६५० आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना १०५० मिग्रॅ लागते. स्तनपान देणाऱ्या मातेसाठी आणि पाळी थांबलेल्या स्त्रीसाठी आकडा १२०० आहे. शिफारशीतला आकडा बहुतेकांची गरज भागेल अशा बेताने थोडा चढा ठेवलेला असतो. एखाद्या दिवशी ८०० झाले म्हणून बिघडत नाही, पण वर्षानुवर्षे ३०० ते ४०० वर भागवणे धोक्याचे असते.

तक्त्यातला आकडा आणि ताटातला आकडा

दुधाशिवाय कॅल्शियम देणाऱ्या पदार्थांच्या याद्या सगळीकडे फिरत असतात. त्यांत बहुतेक वेळा कढीपत्ता, खसखस आणि तीळ वरच्या ओळीत असतात, आणि आकडे खोटे नसतात. कढीपत्त्याच्या १०० ग्रॅम पानांत ६५० मिग्रॅच्या वर कॅल्शियम आहे. पण फोडणीत पडणारी आठ-दहा पाने दोन ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, आणि तीही ताटाच्या कडेला काढून ठेवली जातात. खसखशीचा आकडा १३०० च्या पुढे आहे, परंतु अनारशाला लावलेल्या खसखशीवर कुणाची हाडे पोसली जात नाहीत. कोणताही आकडा पाहताना तो पदार्थ एका जेवणात किती ग्रॅम पोटात जातो, हे आधी विचारावे लागते.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. खाल्लेल्यापैकी शरीर किती उचलते? दुधातले साधारण ३० टक्के कॅल्शियम शोषले जाते. पालकातले फक्त पाच टक्के. अमेरिकेत रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी १९८८ च्या सुमारास खुणेचे कॅल्शियम वापरून हे मोजले. पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते आणि तशीच न विरघळणारी जोडी शरीराबाहेर जाते. याच संशोधकांना केल या कोबीच्या कुळातल्या पालेभाजीतून मात्र सुमारे ४० टक्के शोषण आढळले, म्हणजे दुधापेक्षाही जास्त. सगळ्या पालेभाज्या हिरव्या दिसल्या तरी कॅल्शियमच्या बाबतीत त्यांची जात एक नाही.

तिसरी बाब वेळेची. आतडे एका वेळी ठरावीकच कॅल्शियम आत घेऊ शकते. सकाळी एकदम ८०० मिग्रॅ पोटात टाकण्यापेक्षा दोनशे-दोनशे करून दिवसभरात विभागून खाल्लेले जास्त कामी येते. दुधाविना चालणाऱ्या आहारात हे आपोआप जमते, कारण त्यात एकच मोठा स्रोत नसतोच.

नाचणी

महाराष्ट्रात आणि गोव्यात दुधाशिवाय कॅल्शियमचा विचार नाचणीपासून सुरू करणे सर्वांत सोयीचे. कोकणात नाचणी, कोल्हापूरकडे नाचणा, नाशिक-धुळ्याच्या डोंगरपट्ट्यात नागली, अशा नावांनी ओळखले जाणारे हे धान्य १०० ग्रॅमला सुमारे ३६० मिग्रॅ कॅल्शियम देते. गव्हाच्या पिठात ४०, ज्वारी-बाजरीत २७-२८ आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम दहाच्या आसपास असते. नाचणीचे खरे बळ तिच्या आकड्यापेक्षा तिच्या जागेत आहे. ती चिमूटभर वापरायची वस्तू नाही. ती भाकरी आहे, पोट भरण्याचे मुख्य अन्न आहे. मध्यम आकाराच्या एका भाकरीला ४५ ते ५० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे दोन भाकऱ्यांत ३०० मिग्रॅच्या वर कॅल्शियम जाते. तेवढ्याच ज्वारीच्या भाकऱ्यांत ते तीसही भरत नाही.

ज्यांना नुसती नाचणीची भाकरी थापणे जमत नाही त्यांनी पिठाची उकड काढून भाकरी करावी, किंवा तांदळाच्या पिठाबरोबर घावने, आंबोळ्या कराव्यात. पोळीच्या कणकेत चौथा हिस्सा नाचणीचे पीठ घातले तर पोळी थोडी काळसर होते पण लाटता येते, आणि तिच्यातले कॅल्शियम तिप्पट होते. थालीपीठाच्या भाजणीत नाचणी घालणे तर सर्वांत सोपे.

नाचणीतही फायटिक आम्ल आणि टॅनिन असतात, आणि ते कॅल्शियम व लोह धरून ठेवतात. त्यावरचा तोडगा जुन्या स्वयंपाकात होताच. धान्य रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की बियाण्यातली विकरे जागी होतात आणि फायटिक आम्ल मोडू लागतात. मग ते सावलीत वाळवून, हलके भाजून दळायचे. आंबील करताना पीठ पाण्यात कालवून रात्रभर आंबवले की हेच काम जीवाणू करतात. आंबिलीत ताक घालण्याची रीत आहे, पण ते आवश्यक नाही. पाण्यातच आंबवून वरून लिंबू, कोकम किंवा ठेचलेला लसूण घालता येतो. गोव्यातले तिझान नारळाच्या दुधात आणि गुळात शिजते. त्यात गाई-म्हशीच्या दुधाचा प्रश्नच येत नाही.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होते. लहान मुलांसाठी नाचणीसत्त्व करताना पीठ वस्त्रगाळ करतात किंवा भिजवून वाटलेली नाचणी फडक्यातून गाळून घेतात. नाचणीतले बरेचसे कॅल्शियम तिच्या सालपटात असते, त्यामुळे गाळून उरलेल्या चोथ्याबरोबर ते टाकले जाते. तान्ह्या बाळाच्या पचनासाठी गाळणे समजण्यासारखे आहे. दीड-दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला आणि मोठ्यांना मोड आणून दळलेले, न चाळलेले पीठ द्यावे. बाजारातल्या नाचणीच्या बिस्किटांविषयी एवढेच सांगता येईल, की पाकिटावर घटकांच्या यादीत नाचणीचे टक्के छापलेले असतात. ते वाचल्यावर बहुधा पाकीट परत फळीवर ठेवावेसे वाटते.

पालेभाज्या: कोणत्या आणि कोणत्या नाहीत

शेवग्याचा पाला या यादीत पहिला. १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० मिग्रॅच्या वर कॅल्शियम असते. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर ही भाजी होतेच, पण एरवी शेवग्याच्या शेंगा विकत आणणाऱ्या घरांत पाल्याची ओळख नसते. झाड मात्र गावात, सोसायटीच्या कुंपणाशी, रस्त्याकडेला कुठेही आढळते. कोवळी पाने ओरबाडून घ्यावीत, देठ टाकावेत. कांदा, लसूण, भिजवलेली मूगडाळ आणि ओले खोबरे घालून केलेली भाजी कडवट लागत नाही. वाळवलेल्या पाल्याची पूड चमचाभर पिठल्यात किंवा थालीपीठात घातली तरी पन्नास-साठ मिग्रॅची भर पडते. दुकानात या पुडीच्या लहान डबीला जी किंमत मागतात ती पाहता, पाने घरीच सावलीत वाळवणे शहाणपणाचे.

मेथीत सुमारे २७० आणि मुळ्याच्या पाल्यात २३० मिग्रॅ असते. मोहरीच्या भाजीतही दोनशेच्या जवळपास. मुळा, मोहरी, कोबी, नवलकोल, फ्लॉवर ही सगळी एकाच कुळातली मंडळी. या कुळात ऑक्झॅलिक आम्ल कमी असते, त्यामुळे त्यांच्या पाल्यातले कॅल्शियम शरीराला चांगले मिळते. नेमका हाच पाला मंडईत भाजीवाल्याच्या पायाशी पडलेला असतो. मुळा घेताना पाल्यासकट घ्यावा आणि त्या पाल्याचा डाळीच्या पिठाचा झुणका करावा. नवलकोलाची आणि फ्लॉवरची कोवळी पानेही तशीच चिरून शिजवता येतात. निवडलेली १०० ग्रॅम पालेभाजी शिजून जेमतेम वाटीभर होते, म्हणून एका जुडीत चार जणांचे भागवले तर प्रत्येकाच्या वाट्याला फार काही येत नाही. माणशी एक वाटी हे माप धरून भाजी आणावी.

आता दुसरी बाजू. पालक, चाकवत, माठ, तांदळजा, अळू, चुका, घोळ या भाज्यांत ऑक्झॅलेट जास्त. माठ-तांदळजाचा तक्त्यातला आकडा ३३० असला आणि अळूचा दोनशेच्या वर असला, तरी त्यातले हाती फार थोडे लागते. उकडून पाणी ओतून दिले तर विरघळणारे ऑक्झॅलेट कमी होते, पण ज्या कॅल्शियमशी ऑक्झॅलेट आधीच जोडले गेले आहे ते त्यामुळे सुटत नाही. या भाज्या खाऊ नयेत असे नाही. त्यांत इतर जीवनसत्त्वे भरपूर आहेत. कॅल्शियमच्या हिशेबात मात्र त्या धरू नयेत. दूध सोडल्यावर रोज पालकाची हिरवी स्मूदी पिऊन निश्चिंत होणाऱ्यांची संख्या शहरांत वाढते आहे, आणि हा हिशेब त्यांना कुणीतरी समजावायला हवा.

हादग्याची पाने आकड्याने सगळ्यांच्या पुढे आहेत, १०० ग्रॅमला नऊशेच्या आसपास. तमिळनाडूत ती नेहमी खाल्ली जातात. महाराष्ट्रात हादग्याच्या फुलांची भाजी होते, पाने सहसा कुणी चुलीवर चढवत नाही.

तीळ आणि इतर गळिताची धान्ये

सालीसकट पांढऱ्या तिळात १०० ग्रॅमला १२०० मिग्रॅच्या पुढे कॅल्शियम असते आणि काळ्या तिळात त्याहून जास्त. या आकड्यामुळे तिळाला दुधाचा पर्याय म्हणून मिरवले जाते. हे कौतुक जरा बेताने घ्यावे. ते कॅल्शियम प्रामुख्याने सालीत असते आणि तिथे ते बऱ्याच अंशी ऑक्झॅलेटशी बांधलेले असते. साल काढलेले, चकचकीत पांढरे पॉलिश तीळ घेतले तर आकडा शंभरच्या आसपास घसरतो. म्हणजे साल ठेवली तर शोषण कमी, काढली तर कॅल्शियमच कमी. शिवाय अख्खे तीळ न चावता गिळले की जसेच्या तसे बाहेर पडतात. तीळ भाजून, कुटून खावेत. रोज दोन चमचे कूट, म्हणजे दहा ग्रॅम, भाजीत किंवा चटणीत गेले तर कागदावर सव्वाशे मिग्रॅ होते. हिशेबात त्यातले निम्मेच धरावे.

जवसात अडीचशेच्या थोडे वर आणि कारळ्यांत तीनशेच्या आसपास कॅल्शियम असते. जेवणाच्या पानात चटणीची जागा ठरलेली असल्याने हे रोज थोडे थोडे पोटात जाते. जवसही भाजून कुटूनच खायचा. बदामाचा आकडा २२८ आहे, पण दहा बदामांतून मिळते ते पंचवीस मिग्रॅ. भुईमुगाच्या दाण्यांत त्याहून कमी. ओल्या किंवा सुक्या खोबऱ्यावर तर याबाबत विसंबूच नये.

बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या अळिवाच्या खिरीत मात्र तथ्य आहे. अळिवात कॅल्शियमही आहे आणि लोहही भरपूर. ही खीर कोकणात नारळाच्या दुधात केली जाते, तेव्हा दूध न चालणाऱ्या मातेलाही अडचण नाही.

कडधान्ये

कडधान्यांत कुळीथ सर्वांत पुढे, २७० मिग्रॅच्या घरात. हरभरा आणि मटकी १५० च्या आसपास, राजमा त्याच्या खाली, सोयाबीन दोनशेच्या आगेमागे. तूरडाळ ७० वर थांबते. ४० ग्रॅम कुळथाचे पिठले किंवा कढण केले तर शंभरेक मिग्रॅ मिळते. सातारा-सोलापूरकडच्या शेंगोळ्या आणि माडगे हाही तोच मार्ग. मटकीला मोड आणून उसळ करण्याची रीत फायटिक आम्लाच्या दृष्टीनेही योग्य आहे. राजगिऱ्याच्या दाण्यात १६० ते १८० मिग्रॅ असते, पण लाहीच्या एका लाडवात दाणा दहा-बारा ग्रॅमच, बाकी गूळ.

मासे खाणाऱ्यांसाठी

किनारपट्टीवरच्या लोकांना कॅल्शियमसाठी दुधाची गरज कधीच फारशी नव्हती, कारण लहान मासे काट्यांसकट खाल्ले जातात. माशाच्या मांसात कॅल्शियम थोडेच. ते काट्यांत असते. म्हणून सुरमई-पापलेटचा तुकडा खाऊन हा हेतू साधत नाही. कुरकुरीत तळलेली मांदेली, पेडवे, मोतके, चिंचेत किंवा कोकमात मंद शिजवलेली तारली असे मासे काट्यांसकट चावून खाता येतात. सुका जवळा आणि सुके बोंबील यांत तर १०० ग्रॅमला हजार मिग्रॅच्या वर कॅल्शियम असते. मूठभर जवळा कांद्यावर परतून भाकरीबरोबर खाल्ला की दिवसाचा मोठा वाटा मिळतो. सुक्या मासळीत मीठ फार असते, म्हणून ती आधी कोमट पाण्यात दोनदा धुवावी. सोडे म्हणजे सोललेली कोळंबी, त्यात कवच नसल्याने त्यांचा हिशेब वेगळा.

हाड मोडल्यावर पायाचे सूप पाजण्याची पद्धत आहे. तासन्‌तास उकळूनही हाडातले कॅल्शियम पाण्यात फारच थोडे उतरते. सूप रुचकर असते, त्याला हरकत नाही, पण त्यावर हाड जुळण्याची भिस्त ठेवू नये.

सोया, टोफू आणि वनस्पतीजन्य 'दुधे'

टोफू घेताना पाकिटामागची यादी वाचावी. सोयाचे दूध फाडण्यासाठी कॅल्शियम सल्फेट किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरले असेल तर त्या टोफूत भरपूर कॅल्शियम असते. मॅग्नेशियम क्लोराइडने केलेल्या टोफूत बरेच कमी. सोयाचे साधे दूध कॅल्शियमच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या पासंगालाही पुरत नाही. त्यात वरून कॅल्शियम मिसळलेले असेल तरच तुलना होते. बदामाच्या, ओटच्या आणि नारळाच्या दुधाचेही तसेच. बदामाच्या दुधाच्या खोक्यात बदाम किती असतात हे पाहिले तर आश्चर्य वाटेल. कॅल्शियम मिसळलेले दूध घेतल्यास खोका चांगला हलवून ओतावा, कारण मिसळलेले क्षार तळाशी बसतात. एक वर्षाखालील बाळाला यांतले कोणतेही दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नये. बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर बालरोगतज्ज्ञ त्यासाठीचे वेगळे फॉर्म्युला सुचवतात.

पाणी

पाण्यातले कॅल्शियम बहुतेक जण विसरतात. दख्खनच्या पठारावरचे विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच. पाण्याच्या तपासणी अहवालात कॅल्शियमची कठीणता दिलेली असते. त्या आकड्याला ०.४ ने गुणले की लिटरमागे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. कठीणता १५० असेल तर लिटरला ६० मिग्रॅ, आणि दोन लिटर पाण्यातून १२०. पाण्यातले हे कॅल्शियम दुधाइतकेच चांगले शोषले जाते. घरगुती आरओ यंत्र मात्र ते जवळजवळ सगळे काढून टाकते. मुंबई-पुण्याला धरणातून येणारे नळाचे पाणी मुळात मऊ असते. तिथे आरओची गरजही नसते आणि पाण्यातून कॅल्शियमही विशेष मिळत नाही. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार मर्यादेपेक्षा जास्त असतील तर कॅल्शियमच्या मोहाने ते पिऊ नये.

याच ओघात खाण्याच्या चुन्याचा विषय येतो. 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा' असा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यात कॅल्शियम आहे हे खरे, पण तो दाहक असतो आणि तोंडाच्या व अन्ननलिकेच्या आतल्या त्वचेला इजा करतो. पानपट्टीवरच्या चुन्यात आणखी काय मिसळले आहे हेही कळत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन त्याच्या रोट्या करतात आणि त्यातून तिथल्या लोकांना बरेच कॅल्शियम मिळते. मात्र तिथे चुना अन्नात मुरतो आणि धुतला जातो. कच्चा चुना जिभेवर ठेवणे वेगळे.

एका दिवसाचे ताट

हे सगळे प्रत्यक्षात कसे बसते ते पाहू. दिवसात नाचणीच्या ६० ग्रॅम पिठाची भाकरी किंवा आंबील झाली तर २२० मिग्रॅ. १०० ग्रॅम मेथी, मुळ्याचा पाला किंवा शेवग्याचा पाला, सरासरी २७०. कुळथाचे पिठले ३० ग्रॅमचे, ८०. मटकीची उसळ ४० ग्रॅमची, ६०. तिळाची चटणी दहा ग्रॅम, निम्मेच धरून ६०. जवसाची चटणी दहा ग्रॅम, २५. पोळ्या, भात आणि तूरडाळीचे वरण मिळून ६०-७०. दहा बदाम, २५. बेरीज आठशेच्या आसपास जाते. पाणी जड असेल तर नऊशे. मासे खाणाऱ्याने पिठल्याच्या जागी जवळा घेतला किंवा शाकाहारी माणसाने कॅल्शियमने साधलेला टोफू घेतला, तर हजार पार होतात.

यात दोन गोष्टी दिसतात. नाचणी आणि योग्य पालेभाजी यांतले एक जरी गळले तरी उरलेले सगळे मिळून पाचशे-सहाशेच्या पुढे जात नाही. आणि भात-वरण-पोळी-बटाट्याची भाजी हे नेहमीचे शहरी जेवण दूध काढल्यावर शंभर-दीडशेवर अडकते.

मिळवलेले टिकवणे

खाल्लेले कॅल्शियम आत घ्यायला ड जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर आतडे दहा-पंधरा टक्केच उचलते. वनस्पतींत ते जवळजवळ नाहीच. मुख्य स्रोत ऊन. पण घर-गाडी-कार्यालय अशा दिनक्रमात अंगावर ऊन पडत नाही, आणि भारतात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. सकाळचे कोवळे ऊन सुखद असले तरी त्यात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारसे नसतात. ते साधारण दहा-अकरा ते तीन या वेळात असतात. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस वीस-पंचवीस मिनिटे तेव्हा उन्हात राहावे. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. तपासणीत कमतरता निघाली तर साठ हजार एककांच्या साप्ताहिक गोळ्या डॉक्टर देतात. त्या स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत, कारण या जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक असतो.

मीठ हा दुसरा मुद्दा. रोज सहा ग्रॅम जादा मीठ खाल्ले की लघवीवाटे सुमारे ४० मिग्रॅ कॅल्शियम अधिक जाते. ते शोषून घेतलेले कॅल्शियम असल्याने भरून काढायला सव्वाशे-दीडशे मिग्रॅ जास्त खावे लागते. पापड, लोणचे, फरसाण यांचा हिशेब इथे लागतो. चहा-कॉफीने होणारे नुकसान त्या मानाने किरकोळ.

प्रथिनेही हवीत. ऑक्सफर्डच्या एका दीर्घ अभ्यासात ब्रिटनमधल्या सुमारे ५५ हजार लोकांची नोंद ठेवली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दूध, अंडी, मांस, मासे काहीच न खाणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण मांसाहारींपेक्षा ४३ टक्के जास्त होते आणि खुब्याचे हाड मोडण्याचे दुपटीहून अधिक. कॅल्शियम, प्रथिने आणि शरीराचे वजन यांचा हिशेब लावल्यावर फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही. दूध सोडणे निरुपद्रवी असते ते त्याची जागा भरल्यावरच. त्यात चालणे, जिने चढणे, वजन उचलणे यांची भर हवी. ताण पडल्याशिवाय हाड कॅल्शियम धरून ठेवत नाही.

गोळ्या

आहारातून सात-आठशे मिग्रॅ होत असेल तर बहुतेक निरोगी प्रौढांना गोळीची गरज पडत नाही. गरोदरपण, पाळी थांबल्यानंतरची वर्षे, हाडांची घनता कमी असणे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणे या परिस्थितीत डॉक्टर ती देतात. शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर स्त्रीला चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या द्यायच्या असतात. दूध न घेणाऱ्या स्त्रीने त्या चुकवू नयेत.

गोळीच्या पाकिटावर १२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट लिहिले असले तरी त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिग्रॅच असते. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी, कारण तिला जठरातले आम्ल लागते. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांना कॅल्शियम सायट्रेट जास्त मानवते आणि ते रिकाम्या पोटीही चालते. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, एक सकाळी तर दुसरी संध्याकाळी. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर हवे.

मूतखडा होऊन गेलेले लोक भीतीने कॅल्शियमयुक्त अन्नच बंद करतात. ते उलटे पडते. जेवणात कॅल्शियम असले की ते आतड्यातच ऑक्झॅलेटला पकडून बाहेर नेते. ते नसले तर ऑक्झॅलेट मोकळेपणी रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात पोहोचते. अशा लोकांनी पालक-अळू कमी करावे, पाणी वाढवावे, नाचणी आणि मेथी चालू ठेवावी, आणि गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, जेवणाच्या ताटावरच घ्यावी.